टाकीतले प्रवाळ का वाढले नाही?

माधवनगरातील आमच्या एका विद्यार्थ्याने गतवर्षी वर्गात एक पांढरा, खडबडीत दगड आणला. तो त्याच्या घरच्या माशांच्या टाकीत शोभेसाठी ठेवलेला होता. "सर, प्रवाळ वाढते असे म्हणतात, मग हे वर्षभरात तसूभरही का वाढले नाही?" असा त्याचा प्रश्न होता. त्या वेळी आम्ही थातुरमातुर उत्तर देऊन वेळ मारून नेली, हे कबूल केले पाहिजे. नंतर थोडे वाचन केले. त्याचे फलित येथे देत आहो.

उज्जयिनीत प्रवाळ म्हटले की मंगळनाथ व मंगळाच्या अंगठीतील पोवळे आठवते. ते लाल पोवळे मात्र पाषाणप्रवाळांच्या कुळातील नव्हे. पाषाणप्रवाळाचा सांगाडा भिंगाखाली धरावा. त्यावर लहान वाट्यांसारखे असंख्य खळगे दिसतात आणि प्रत्येक खळग्यात काठापासून मध्याकडे गेलेले पातळ उभे पडदे असतात, ते बहुधा सहाच्या पटीत. लाल पोवळ्यात अशा वाट्या नसतात.

यांतील प्रत्येक वाटी हे एका मऊ, नळीसारख्या जीवाचे घर. हा जीव समुद्राच्या पाण्यातील चुना घेऊन आपल्या तळाशी थर चढवतो, वर सरकतो आणि खालची खोली रिकामी सोडून तिथे नवी जमीन बांधतो. जणू घरमालक सदैव वरच्या मजल्यावरच राहणारा! जीवाला अंकुर फुटून किंवा एकाचे दोन होऊन वसाहत पसरते. बहुतेक प्रवाळभित्ती बांधणाऱ्या जातींच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहते. ते सूर्यप्रकाशात अन्न तयार करून यजमानाला देते. म्हणून उजेड असला की चुना झपाट्याने साचतो. घुमटाकार जाती वर्षाला सुमारे एक सेंटिमीटर वाढतात, तर काही फांद्यांच्या जाती दहा सेंटिमीटरही वाढतात. घुमटाचा छेद घेऊन त्याचे क्ष-किरण चित्र काढले, तर झाडाच्या वलयांसारखे वार्षिक पट्टे दिसतात.

पांढरेपणाने मात्र फसू नये. फांदीचे केवळ टोक किंवा घुमटाची कडा फिकट असेल आणि तिथे इवले जीव दिसत असतील, तर ती बहुधा नवी वाढ होय. सारी वसाहत पांढरी पडली, पण वर पारदर्शक मांस शिल्लक आहे, तर पाणी तापल्यामुळे शैवाल निघून गेलेले असते. प्रवाळ अजून जिवंत असते, वाचूही शकते. १९९८ साली लक्षद्वीपात असा प्रकार मोठ्या प्रमाणावर झाला. मांसच गेले, तर उघड्या सांगाड्यावर लवकरच हिरवट बुरशीसारखे शेवाळ चढते.

हेच आमच्या विद्यार्थ्याच्या दगडाचे उत्तर. तो रिकामा वाडा होता, मालक केव्हाच गेलेला. शिवाय टाकीतले पाणी गोडे. खाऱ्या पाण्याच्या टाकीत जिवंत प्रवाळ ठेवले असते, तरी त्याने पाण्यातला चुना सतत ओढला असता आणि तो पुन्हा पुरवावा लागला असता. मात्र भारतात पाषाणप्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याखाली २००१ पासून पूर्ण संरक्षण आहे. समुद्रातून काढलेले प्रवाळ विकत घेणे हा गुन्हा आहे. जिवंत पाहायचे तर मालवणला जावे. तेथील सागरी अभयारण्य १९८७ साली घोषित झाले, आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातील उथळ पाण्यात ती वाढताना आढळतात.

दगड परत देण्यापूर्वी आम्ही दोघांनी भिंगाने एका वाटीतले पडदे मोजले. चोवीस भरले. त्याचा आकडा आधी तेवीस आला होता. दुसऱ्यांदा मोजल्यावर जुळला.