नीट हुकली? नळ उघडून बघा

बारावीचा निकाल लागला की अंधेरीपासून मुलुंडपर्यंत घराघरांत एकच हिशेब सुरू होतो: नीट हुकली, आता पुढे काय? मुलीने 'बीएस्सी मायक्रोबायोलॉजी' म्हटलं की बाबा विचारतात, "म्हणजे जन्मभर लघवी तपासायची?" अशा बाबांना मी घरचा नळ दाखवतो.

२०११ साली 'लॅन्सेट इन्फेक्शियस डिसीजेस'मध्ये दिल्लीच्या पाण्याची पाहणी छापून आली. नळाच्या ५० नमुन्यांपैकी २, आणि रस्त्यात साचलेल्या पाण्याच्या १७१ पैकी ५१ नमुन्यांत एनडीएम-१ हे जनुक सापडलं. ते ज्या जिवाणूकडे असतं, त्याच्यावर डॉक्टरांनी राखून ठेवलेली अँटिबायोटिक्सही सहसा चालत नाहीत. खरी मेख पुढेच आहे. क्लोरीनने जिवाणू मेला तरी त्याचा डीएनए पाण्यात उरू शकतो आणि दुसरा जिवाणू तो उचलू शकतो. पाण्यात उतरलेल्या अँटिबायोटिक्सचा अंश काढायला सक्रिय कोळसा किंवा ओझोन, जनुक मोडायला अतिनील किरणांची मोठी मात्रा, अडवायला मेम्ब्रेन. एकाच उपायाने भागत नाही. त्यात मुंबईला रोज पुरवलं जातं सुमारे ३,८५० दशलक्ष लिटर पाणी. परवडेल असं काय, हे कुणीतरी शोधायचं आहे.

आता कटू भाग. 'जनुक काढणारा' अशी जाहिरात पेपरात येत नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५००मध्ये, अँटिबायोटिक्सची मर्यादाच नाही. त्यामुळे सुरुवात कोलिफॉर्म जिवाणू तपासण्यापासून, बेताच्या पगारावर. पण मालाड, भांडुप, घाटकोपर, वर्सोव्यासह ७ सांडपाणी प्रकल्पांची, एकूण २,४६४ दशलक्ष लिटर क्षमतेची कामं मुंबईत हाती घेतली आहेत, आणि हे जनुक अडवायची खरी जागा सांडपाणीच आहे.

रसायनशास्त्र, सिव्हिल, केमिकल इंजिनीअरिंग, कुठूनही पाणी शुद्ध करण्याच्या या कामात शिरता येतं. गेट या प्रवेश परीक्षेत २०२१पासून पर्यावरण विज्ञान आणि अभियांत्रिकीचा स्वतंत्र पेपर आहे. पुढे पवईची आयआयटी, नागपूरची नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था. महिन्याभराच्या महागड्या सर्टिफिकेट कोर्सवर मात्र पैसे घालवू नका.

प्रवेशाचा फॉर्म भरण्याआधी कॉलेजची लॅब बघून या. जनुक तपासायचं पीसीआर यंत्र मुलांच्या हाताला लागतं की काचेच्या कपाटात कुलूपबंद असतं, एवढं विचारा.