समुद्रतळाचा निरोप वर पोचतो कसा?

प्रश्न : समुद्राच्या तळाशी ठेवलेले सेन्सर एकमेकांकडे निरोप देत माहिती वर पाठवतात, असं वाचलं. तिथे टॉवर नाही, बॅटरी बदलायला कोणी जात नाही. मग निरोपाची वाट ठरवतं कोण? आणि मध्येच कोणी लबाडी केली तर?
– एक वाचक, मालवण

उत्तर : खाऱ्या पाण्यात रेडिओलहरी थोड्याच अंतरात विरून जातात. प्रकाशही लांब पोचत नाही. उरतो आवाज. तो पाण्यात सेकंदाला साधारण १,५०० मीटर जातो, म्हणजे रेडिओच्या मानाने दोन लाखपट हळू. शिवाय त्यावर लादता येणारी माहिती जेमतेम. पाण्याखालच्या संवादासाठी नाटोने २०१७ साली 'जेनस' नावाचं मानक स्वीकारलं. त्याचा मूळ वेग आहे सेकंदाला ८० बिट. 'मालवणला कधी येणार?' एवढंच मोबाइलवरच्या नेहमीच्या पद्धतीने लिहून पाठवायचं तर ३८४ बिट होतात. म्हणजे जवळजवळ पाच सेकंद!

त्यात बोलायला लागणारी वीज ऐकण्याच्या कितीतरी पट. बॅटरी बदलायची तर बोट न्यावी लागते. त्यामुळे 'कुठल्या वाटेने पाठवू?' अशी आपसात विचारपूस करणंसुद्धा महागात पडतं.

यावर अमेरिकेतल्या कनेक्टिकट विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ साली एक सुटसुटीत तोड काढली. माहिती गोळा होते पृष्ठभागावर, तेव्हा निरोप 'वर' गेला की झालं. जीपीएस पाण्याखाली चालत नाही, पण खोली कळायला दाबमापक पुरतो, कारण दर दहा मीटरला सुमारे एक वातावरण एवढा दाब वाढतो. समजा, ३०० मीटर खोलीवरच्या सेन्सरने निरोप सोडला. त्यात त्याने आपली खोलीही सांगितली. ३५० मीटरवरचा तो ऐकून सोडून देतो. २५० आणि २०० मीटरवरचे दोघेही लगेच पुढे पाठवत नाहीत, थांबतात. जो जास्त वर, तो कमी थांबतो. २०० मीटरवाल्याने निरोप पुढे धाडला, की तो ऐकून २५० मीटरवाला आपली प्रत टाकून देतो. म्हणजे वाट कोणीच ठरवत नाही, गप्प कोणी बसायचं एवढंच ठरतं. मला यातली ही काटकसर फार आवडते.

खोट आहेच. वरच्या सेन्सरांवर सगळ्यांचा भार पडून त्यांच्या बॅटऱ्या आधी संपतात, म्हणून नंतरच्या काही पद्धतींनी शिल्लक बॅटरीही हिशेबात धरली. वर ऐकणारं कोणीच नसेल, तर निरोप तिथेच खुंटतो.

आता लबाडी. वीज वाचते ती दुसऱ्याने सांगितलेल्या खोलीवर विश्वास ठेवल्यामुळे, आणि नेमकी तीच फट. एखाद्या घुसखोर यंत्राने तोच निरोप 'मी दहा मीटरवर आहे' असं सांगून पुन्हा सोडला, की आसपासचे सगळे 'झालं आपलं काम' म्हणून गप्प. निरोप बुडाला! काही फोडावं लागलं नाही, चोरावं लागलं नाही.

उपाय म्हणजे प्रत्येक निरोपावर गुप्त किल्लीने काढलेला शिक्का, आणि शिक्क्याच्या आत खोली व अनुक्रमांकही, म्हणजे जुना निरोप पुन्हा वाजवून फसवता येत नाही. पण १२८ बिटांच्या शिक्क्याला ८० च्या वेगाने दीड सेकंदाहून जास्त लागतो, आणि तेवढी वीज प्रत्येक टप्प्यावर जाते. म्हणून तो ३२ बिटांवर छाटता येतो. जमिनीवर एवढा आखूड शिक्का मी कोणाला सुचवणार नाही. पाण्यात मात्र संथपणा राखणदाराच्या बाजूने असतो. अंदाजाने शिक्का जुळवायचा तर सुमारे ४२९ कोटी शक्यता, आणि प्रत्येक प्रयत्नाला नुसत्या शिक्क्याचेच ०.४ सेकंद. सगळ्या संपवायला पन्नासहून अधिक वर्षं लागतील, बॅटरी त्याच्या खूप आधी संपेल.

खरी धास्ती वेगळीच. सेन्सरच कोणी जाळ्यात ओढून वर काढला, तर किल्ली आयती हाती लागते. यासाठी साऱ्या सेन्सरांना एकच किल्ली न देता शेजाऱ्या-शेजाऱ्यांच्या जोडीला वेगळी द्यावी, असं सुचवलं जातं. पण मग एकाच हाकेत सगळ्या शेजाऱ्यांना पटेल असा शिक्का मारता येत नाही, आणि वर सांगितलेली काटकसर तर त्या एका हाकेवरच उभी आहे.