दिवाळीच्या फराळावर ‘मोफत’ काय? सहावीच्या वर्गातला प्रायोजकाचा पाठ



सहावीला शेकडेवारी आणि नफा-तोटा शिकवताना आपण फळ्यावर लिहितो, ‘एका व्यापाऱ्याने पेन विकत घेतले...’ मुलं गणित सोडवतात, उत्तर बरोबर येतं आणि तो व्यापारी कोण हे कुणी विचारत नाही. गेल्या वर्षी मात्र आमच्या वर्गात एक खरा व्यापारी सापडला. वर्गातल्याच एका मुलीची आई.

ती आणि बचत गटातल्या आणखी चौघी दिवाळीत फराळाचे डबे विकतात. आदल्या दिवाळीत त्यांनी डब्याबरोबर कापडी पिशवी, दोन पणत्या आणि उटण्याचं पाकीट मोफत दिलं होतं. एकशे वीस डबे गेले. सगळ्या खूश. पण नफा-तोट्याच्या तासाला ही मुलगी म्हणाली, “मॅडम, आईला फक्त नऊशे साठ रुपये मिळाले.” मी म्हटलं, वही काढ.

डब्यामागे नफा ९० रुपये होता. भेटवस्तू अशा: पिशवी २४, पणत्या ८, उटणं १८, एकूण ५० रुपये. म्हणजे नफ्यातले ५५ टक्क्यांहून जास्त पैसे ‘मोफत’मध्ये गेले. राहिले ४०. एकशे वीस डब्यांचे ४८०० आणि पाच जणींत वाटले की ९६०. वीस दिवस चुलीसमोर बसल्या होत्या. दिवसाला ४८ रुपये. वर्ग एकदम गप्प झाला. कितीतरी मुलांच्या आया शेतावर मजुरीला जातात, त्यांना रोज किती मिळतो हे तोंडपाठ असतं.

मग प्रश्न आला, पुढच्या दिवाळीत काय करायचं? एक मुलगा तयारच होता: “मॅडम, डबा ५५० ला करा आणि वस्तू फुकट म्हणा!” सगळ्यांना पटलं. खरं सांगायचं तर बाजारात हेच चालतं, म्हणून मलाही क्षणभर पटलं. पण ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये हे स्पष्ट लिहिलंय की, जी वस्तू मोफत म्हणून सांगितली तिची किंमत पूर्ण किंवा थोडीसुद्धा मालाच्या किमतीत धरलेली असेल, तर ती अनुचित व्यापार प्रथा ठरते. दुसऱ्या मुलाची लकी ड्रॉची कल्पनाही त्याच कलमात अडकली. विक्री वाढवण्यासाठी सोडत काढण्यावरही तिथे बंधन आहे.

म्हणजे मोफत म्हणायचं असेल, तर त्याचे पैसे गिऱ्हाइकाने द्यायचे नाहीत. बायकांनी दिले तर ४८ रुपये रोज. मग तिसरा कुणीतरी हवा. प्रायोजक हा शब्द वर्गात असा आला. मुलांना तो क्रिकेटपटूच्या शर्टावरून माहीत होता, गणपतीच्या फलकावरचा ‘सौजन्य’ही माहीत होता. पण तो पैसे का देतो, हे नव्हतं.

यासाठी मी वाचनालयातून जुने दिवाळी अंक आणले. का. र. मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासूनची ही आपली परंपरा. या अंकांचा मोठा आधार म्हणजे जाहिराती. गट पाडून मुलांना एकच काम दिलं: जाहिरात कुणाची आहे आणि ती याच अंकात का आहे, ते लिहा. पतसंस्था, साखर कारखाना, सराफ, मसाले. एका गटाने लिहिलं, ‘सराफाने जाहिरात दिली, कारण पाडव्याला लोक सोनं घेतात.’ यापेक्षा चांगलं मलाही सांगता आलं नसतं.

इथे माझी एक चूक सांगते, म्हणजे तुम्ही ती करणार नाही. उत्साहाच्या भरात मी चार मुलांना पत्र देऊन बाजारपेठेत पाठवलं. पहिल्याच दुकानदाराने पत्र न वाचता गल्ल्यातून एक्कावन्न रुपये काढले, “घ्या, पावती नको.” मुलं आनंदाने पैसे घेऊन आली. मुख्याध्यापकांनी मला बोलावून विचारलं, “मॅडम, शाळेच्या नावाने वर्गणी कधीपासून?” त्यांचं बरोबर होतं. पैसे मी स्वतः जाऊन परत केले. गणवेशातलं मूल समोर उभं राहिलं की दुकानदाराला नाही म्हणता येत नाही. ती दया किंवा भीड होते, व्यवहार होत नाही. त्या दिवसापासून नियम ठरला: हिशेब आणि पत्राचा मसुदा मुलांचा, दुकानात जायचं ते बचत गटातल्या ताईंनीच, आणि पत्रावर शाळेचं नाव नाही.

पत्राचा पहिला मसुदा आपण पाठ करून घेतो तसाच होता, ‘तरी आपण आम्हांस मदत करावी ही नम्र विनंती.’ मी विचारलं, यात दुकानदाराला काय मिळतं? कुणालाच सांगता येईना. मग तीन तास खर्चून नवं पत्र झालं. गाभा असा:

“आम्ही पाच महिला यंदा फराळाचे १५० डबे करणार आहोत. वसुबारसेच्या आधी ते आपल्या आणि शेजारच्या तीन गावांत पोचतील. प्रत्येक डब्यासोबत कापडी पिशवी व दोन पणत्या मोफत देत आहोत. पिशवीच्या एका बाजूला आपल्या दुकानाचं नाव छापू. एका व्यवसायातून एकाच दुकानाला घेऊ. पिशवीचं कापड आपण द्यावं, शिलाई व छपाई आमच्याकडे. दिवाळीनंतर किती पिशव्या वाटल्या याचा लेखी हिशेब देऊ.”

मित्रांनो, ‘एका व्यवसायातून एकच दुकान’ हे वाक्य मुलांना सुचलं आणि त्यानेच काम केलं. दोन कापड दुकानं समोरासमोर आहेत. तुमच्या लक्षात आलंच असेल.

कधी जायचं हाही धडा मिळाला. दसऱ्यानंतर गेलात तर गणपती आणि नवरात्राच्या वर्गण्यांनी दुकानदार कावलेला असतो. ताई गेल्या पितृपंधरवड्यात. त्या दिवसांत लोक नवी खरेदी टाळतात, दुकानं रिकामी असतात, मालकाला बोलायला वेळ असतो. एरवी ज्याने दारातूनच हात जोडले असते, त्याने स्टूल पुढे केलं.

कापड दुकानाने कापड दिलं, त्याची किंमत पिशवीमागे १४ रुपये, एकूण २१००. कृषी सेवा केंद्राने रोख २५०० दिले. त्यांचं कारण मुलांनी आधीच वहीत मांडलं होतं: दिवाळीच्या आगेमागे गहू-हरभऱ्याच्या पेरण्या येतात, बी-खत घ्यायचं असतं, तेव्हा डब्यातल्या पत्रकावर नाव दिसलं तर बरंच. गिरणीवाले दादा म्हणाले, “ताई, रोख मागू नका, तुमची भाजणी तशीच दळून देतो.” साठ किलोचे ८ रुपयांप्रमाणे ४८० वाचले. प्रायोजकत्व वस्तूने किंवा कामानेही होतं, हे मुलांना इथे कळलं.

सगळं मिळून ५०८० झाले. तिन्ही भेटवस्तूंना लागणार होते ७५००. काय करायचं? मुलांनी उटण्यावर रेघ मारली. त्याचे २७०० कमी झाले, गरज उरली ४८०० आणि वर २८० शिल्लक. पणत्या कुंभारकाकांकडून पूर्ण दराने घेतल्या. त्यांच्याकडे फुकट मागूया असं एक मूल म्हणालं, तर दुसऱ्यानेच उत्तर दिलं, “त्यांची पण दिवाळीच आहे ना.”

दोन ठिकाणी मोठी रक्कम चालून आली होती, तेही सांगायला हवं. एका पानमसाला-तंबाखूच्या ठोक विक्रेत्याने हवे तेवढे पैसे देऊ केले, पिशवीवर फक्त त्याच्याकडच्या तंबाखूच्या ब्रँडचं नाव हवं होतं. तंबाखूच्या ब्रँडसाठी असं प्रायोजकत्व २००३ च्या कायद्याने बंद आहे, त्यामुळे तो विषय लगेच संपला. दुसरे होते निवडणुकीचे एक इच्छुक. पूर्ण ७५०० देणार, पिशवीवर त्यांचा हात जोडलेला फोटो. यावर ताईंमध्ये दोन दिवस वाद झाला. पैसे पूर्ण मिळत होते आणि घरात दिवाळी सगळ्यांनाच आहे. शेवटी त्यातल्या सर्वांत मोठ्या काकू म्हणाल्या, “दुसऱ्या गटाचा माणूस ती पिशवी घेऊन गावातून जाईल का? मग डबा तरी घेईल का?” नकार कळवला. मी त्या चर्चेत एक शब्दही बोलले नाही. बोलायला नको होतंच.

दिवाळीनंतर तुळशीच्या लग्नाच्या सुमारास हिशेब मांडला. डबा ५०० रुपयांचा, खर्च ४१०. पूर्ण किमतीला १३७ डबे गेले, त्यांचा नफा १२,३३०. नऊ डबे उशिरा, खर्चाच्या किमतीत गेले. चार राहिले, ते घरीच संपले. तो तोटा १६४०. शिल्लक २८० मिळवले. पाच जणींना प्रत्येकी २१९४ रुपये. प्रायोजकांना मुलांनी लिहिलेलं हिशेबाचं पत्र ताईंच्या सहीने गेलं. कृषी केंद्राच्या मालकांनी ते काचेखाली ठेवलंय. पैसे घेतल्यावर परत हिशेब द्यायला कुणी येत नाही म्हणे.

मी मुलांना म्हटलं, ९६० वरून २१९४, किती टक्के वाढ? सगळे आकडेमोडीत गुंतले, १२८ टक्क्यांवर उत्तर आलं, टाळ्या झाल्या. ती मुलगी मात्र अजून लिहीत होती. तिने वीसने भागलं होतं. “मॅडम, दिवसाला एकशे दहासुद्धा होत नाहीत.” मग तिने ४१० रुपयांच्या खर्चाची यादी काढली: बेसन, तेल, साखर, तूप, गॅस, डबा, लेबल. “यात आईची मजुरी कुठंय?”

नव्हतीच. पाच ताईंनी धरली नव्हती, वर्गाने धरली नव्हती आणि दोन महिने तो हिशेब तपासणाऱ्या मीही धरली नव्हती. प्रायोजकाने भेटवस्तूचा खर्च उचलला, पण डब्याची किंमतच मुळात कमी होती.

यंदा ही मुलं सातवीत आहेत. पितृपंधरवड्याला अजून सहा आठवडे आहेत. त्यांनी हिशेबाचा नवा तक्ता केलाय आणि त्यात तेलाच्याही वर, पहिल्या ओळीत ‘मजुरी’ लिहिलंय. पुढचा रकाना अजून रिकामा आहे. किती आकडा भरायचा, ते ताई शनिवारी शाळेत येऊन ठरवणार आहेत.