इंजिन खोलण्याआधी

जुन्या स्पोर्ट बाईकचा गिअर अडायला लागला की गॅरेजमध्ये ठरलेलं वाक्य कानावर पडतं : "साहेब, इंजिन खोलावं लागेल." माझ्या दीडशे सीसीच्या, सहा गिअरच्या सेकंडहँड गाडीबाबतही तेच झालं. सिग्नलला न्यूट्रल सापडत नव्हता. गिअर चढवताना लिव्हर जड लागायचा. आणि ताम्हिणी घाट माणगावच्या बाजूला उतरताना तिसऱ्यावरून दुसरा टाकला, तो बसलाच नाही. इंजिनाची पकड सुटली, गाडी मोकळी धावू लागली आणि समोर वळण. दोन्ही ब्रेक चांगले होते म्हणून निभावलं.

तरीही मी लगेच इंजिन खोलू दिलं नाही. तक्रारी तीन होत्या; तिन्हींचं मूळ गिअरबॉक्समध्येच आहे, हे कोणी तपासलं होतं?

मुळात गिअरबॉक्समधली चाकं कायम एकमेकांत अडकलेलीच असतात. आपण पायाने फक्त फोर्क, म्हणजे गिअर बाजूला ढकलणारा काटा, सरकवतो. मग एका गिअरच्या अंगावरचे जाड दाते, ज्यांना मेकॅनिक 'डॉग' म्हणतात, शेजारच्या गिअरच्या खाचेत कडी कोयंड्यात बसावी तसे बसतात. त्यासाठी क्षणभर इंजिनाचा जोर सुटावा लागतो आणि ते काम क्लचचं. क्लच पूर्ण सुटत नसेल तर धडधाकट गिअरबॉक्सही अडतो.

याची परीक्षा फुकटात होते. गाडी उभी, इंजिन चालू, तेव्हा न्यूट्रल सापडत नाही. इंजिन बंद केलं की सहज सापडतो. असं असेल तर आधी क्लचकडे बघा. पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण दाबूनही गाडी पुढे सरकू पाहत असेल तर शंकाच नको. माझ्या गाडीची क्लच केबल हँडलपाशी दुमडली होती आणि आतल्या तारा उसवल्या होत्या. नाना पेठेतून नवी आणून बसवली, क्लच लिव्हरच्या टोकाशी मोकळीक ठेवली आणि न्यूट्रल सापडायला लागला. ही मोकळीक बऱ्याच गाड्यांना १० ते १५ मिलिमीटर लागते. आपल्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा. जास्त ठेवली तर क्लच सुटत नाही, अजिबात ठेवली नाही तर प्लेटा घसरून जळतात. केबल बदलूनही फरक पडला नाही, तर प्लेटा वाकल्यात का आणि क्लच बास्केटच्या बोटांवर खाचा पडल्यात का, हे बघायचं. त्यासाठी बाजूचं कव्हर काढलं की पुरतं.

पुढची पायरी ऑइल. बहुतेक मोटारसायकलींत इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स एकाच ऑइलवर चालतात. गिअरचे दाते त्या ऑइलला सतत भरडतात, त्यामुळे रंग बरा दिसत असतानाच ते पातळ होतं आणि गिअर खरखरीत पडू लागतो. डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए२' लिहिलेलं बघा. 'एमबी' हे कमी घर्षणाचं ऑइल ऑटोमॅटिक स्कूटरसाठी ठीक, ऑइलमध्ये बुडालेल्या 'ओल्या' क्लचसाठी नाही. इंधन वाचवणारं म्हणून विकलं जाणारं कारचं ऑइलही टाळा. क्लच घसरू शकतो.

तिसरी गोष्ट जुन्या स्पोर्ट बाईकमध्ये हमखास सापडते. पायठेव मागे असल्याने गिअर लिव्हर एका दांडीने शाफ्टला जोडलेला असतो. माझ्या गाडीला आधीच्या मालकाने बाजारातला रेअरसेट, म्हणजे मागे नेलेल्या पायठेवांचा संच, बसवला होता. दांडी आणि शाफ्टवरची आर्म यांच्यात साधारण काटकोन हवा. तिथे तो कधीच बिघडला होता, म्हणून पायाचा जोर वाया जाऊन लिव्हर जड लागत होता. सांधे साफ करून ग्रीस लावलं, आर्म एक दाता फिरवून बसवली, दांडीची लांबी बुटाच्या उंचीला जुळवली. दांडीच्या एका टोकाचे आटे बहुधा उलटे असतात, तेव्हा पाना जोराने फिरवण्याआधी खात्री करा.

एका वेळी एकच बदल करा आणि मग गाडी चालवून बघा. सगळं एकदम बदललं तर गुण कशाने आला, हे कळत नाही.

माझ्या दोन तक्रारी अशा बाहेरच मिटल्या. तिसरी उरली : दुसरा गिअर नीट बसायचा नाही आणि बसला तरी जोर दिला की सुटायचा. हा दोष ना केबलचा, ना ऑइलचा. डॉगच्या कडा झिजून गोल झाल्या की असं होतं. मग मात्र इंजिन खोललं. दुसऱ्या गिअरची जोडी आणि वाकलेला फोर्क बदलला, बाकीचे गिअर चांगले होते ते तसेच ठेवले. लिव्हरवर पाय टेकवून गाडी चालवायची सवय असेल तर ती सोडा. फोर्क त्यानेही झिजतात.

गॅरेजमध्ये जाताना नुसतं "गिअर नीट पडत नाही" एवढंच सांगू नका. कोणता गिअर, इंजिन थंड की गरम, वर चढवताना की खाली आणताना, जोर देताना की सोडताना, हे लिहून न्या. आणि जोर देताना गिअर सुटत असेल, तर दुरुस्ती होईपर्यंत गाडी घाटात नेऊ नका.