चरण म्हणजे पाय?

चाचणीत प्रश्न होता, 'चरण म्हणजे काय?' मी लिहिले, 'चरण म्हणजे पाय.' गुरुजींनी उत्तर वर्गात वाचले आणि सगळे हसले. त्यानंतर आठ दिवस मी मराठीच्या तासाला हात वर केला नाही.

घरी आजीला सांगितले. तिला लिहिता-वाचता येत नाही. ती म्हणाली, "बरोबरच लिव्हलंस की. पायाबिगर गाणं चालंल कसं?" मी हे गुरुजींना सांगितले. ते म्हणाले, "आजीचं खरं आहे. मूळ अर्थ पायच. पण कवितेत ओळीच्या एका भागाला चरण म्हणतात, ते लिहायला हवं होतं." गुण मात्र वाढवला नाही!

मग मी चिंचोके घेऊन बसलो. मोठ्या अभंगाच्या कडव्यात चार चरण असतात. पहिल्या तिन्हींत सहा-सहा अक्षरे व चौथ्यात चार, म्हणजे एकूण 22. एका अक्षराला एक चिंचोका. जोडाक्षर एकच धरायचे. (मी 'ज्ञा'ला दोन ठेवत होतो, म्हणून हिशोब चुकायचा.) दुसऱ्या व तिसऱ्या चरणाचा शेवट सारखा ऐकू येतो, ते यमक. पुस्तकातले काही अभंग मोजताना चिंचोके कमी-जास्त भरले. गुरुजी म्हणाले, "अभंग गाण्यासाठी रचलेले. गाताना अक्षर लांबवता येतं, आखडताही येतं."

ओवीला चिंचोके उपयोगी पडत नाहीत, कारण तिच्यात अक्षरे ठरलेली नसतात. ज्ञानेश्वरी शके 1212 म्हणजे इ.स. 1290 ची. तिच्यात नऊ हजारांहून जास्त ओव्या आहेत. त्या ओवीत पहिल्या तीन चरणांना यमक असते, चौथा बहुधा आखूड असतो. आजीची जात्यावरची ओवी निराळी, ती गळ्यावर चालते. आता आमचे दळण गिरणीवरून येते, घरचे जाते फक्त लग्नाच्या हळदीला निघते. तरी आजीला ओव्या पाठ आहेत. मी मुद्दाम शेवटचा एक शब्द बदलून म्हटला, तर ती लगेच म्हणाली, "न्हाई जुळत." यमक हा शब्द तिला माहीत नव्हता, पण कान पक्का. आता ती शेजारच्या काकूंना सांगते, "ह्याला येमक म्हंत्यात."

शेवटी मी स्वतः एक कडवे जुळवले. पालकांनी व वर्गमित्रांनी अक्षरे मोजून पाहावीत.

शेतात पेरली । ज्वारी माझ्या बाने ।
पावसाच्या ध्याने । जागा राही ॥

बाला वाचून दाखवले. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आरं, पण आपण औंदा बाजरी पेरलीया." मी मोजून पाहिले. 'बाजरी' घातली की एक चिंचोका जास्त होतो, म्हणून ज्वारीच ठेवली आहे.