बीची गोळी द्या, पण कोणत्या बीची?

रोवणीच्या दिवसांत नागपूर जिल्ह्यातल्या कुहीत कोणत्याही मेडिकलसमोर दहा मिनिटं थांबलात, तर हे कानावर पडेलच. "दादा, पायाला मुंग्या येतात. बीची गोळी द्या." "कोणती? कॉम्प्लेक्स, की बारा?" "चांगली असन ते द्या." काउंटरवर 'चांगली'चा अर्थ बहुधा 'महाग' असाच निघतो.

बी हे आठ जीवनसत्त्वांचं आडनाव आहे: 1, 2, 3, 5, 6, 7, 9 आणि 12. मधले आकडे पुढे गळाले, कारण ती जीवनसत्त्वं नव्हेत असं ठरलं. पैसे वाचवायचे तर आडनाव सोडून पट्टीवरचं नाव वाचायचं. खालचे दर ढोबळ आहेत. पट्टीवरची छापील किंमत अंतिम.

बी-कॉम्प्लेक्स : गोळीमागे 2-3 रुपये. अनेक बींची भेळ. ही घेतल्यावर लघवी पिवळीधमक होते ती रायबोफ्लेविनमुळे, म्हणजे बी2 मुळे. ते अंगात ताकद आल्याचं लक्षण नाही.

बी12 : गोळीमागे 8 ते 20 रुपये, कधी जास्तही. पट्टीवर 'कोबालामीन' शोधा. त्याआधी मिथाइल, सायनो किंवा हायड्रॉक्सो असेल; तिन्ही बी12च. मात्र शेजारी 'प्रीगाबॅलिन' लिहिलं असेल, तर ती नुसती जीवनसत्त्वाची गोळी उरत नाही. प्रीगाबॅलिन हे गुंगी आणणारं औषध आहे; डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका, आणि घेतल्यावर गाडी चालवू नका.

बी9 : साधी गोळी दीड-दोन रुपये. फॉलिक ॲसिड आणि फोलेट ही त्याचीच नावं. 'मिथाइलफोलेट' लिहिलेली पट्टी कितीतरी महाग असते. आकड्यापुढचं एककही बघा: 5 मिलिग्रॅम म्हणजे 5000 मायक्रोग्रॅम.

बी3. नियासिन, निकोटिनिक ॲसिड, निकोटिनामाइड, नियासिनामाइड ही सगळी याच घरातली. खर्ऱ्यातलं निकोटीन वेगळं. लोकांची गल्लत होऊ नये म्हणूनच 'नियासिन' हे नाव पुढे आणलं गेलं.

बी7, म्हणजे बायोटिन. केसांसाठी विकलं जातं, आणि महाग विकलं जातं. मोठ्या मात्रेत चालू असेल तर थायरॉइडचा रिपोर्ट चुकू शकतो. रक्त देण्याआधी सांगा.

सगळ्यात महागात पडणारी गल्लत

ती बी9 आणि बी12 यांची. दोघांच्या कमतरतेने एकाच तऱ्हेचा रक्तक्षय होतो. 1928 मध्ये मुंबईला आलेल्या डॉ. ल्युसी विल्स यांनी गिरणीकामगार गरोदर बायांमधला असाच रक्तक्षय अभ्यासला. यीस्टपासून केलेल्या मार्माइटने तो बरा होतो, हे त्यांना दिसलं. त्यातला गुणकारी घटक म्हणजे आजचं फोलेट.

पण कमतरता बी12ची असेल आणि तुम्ही नुसतं फॉलिक घेत राहिलात, तर रक्ताचा रिपोर्ट सुधारतो आणि नसांची हानी आत चालूच राहते. म्हणून मुंग्या, बधिरपणा, चालताना तोल जाणं असेल तर फॉलिकवर भागवू नका. शाकाहारी आणि शुगरसाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी जास्त जपावं. बी12 मासळी, अंडी, दूध-दह्यात असतं, भाजीपाल्यात नाही.

खासगी लॅबमध्ये बी12ची तपासणी साधारण 600 ते 1200 रुपयांना होते. नागपूरला जायचं तर एक दिवसाची मजुरी आणि बसभाडं त्यात धरा. आधी डॉक्टरांना विचारून सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची साधी तपासणी करा. ती बरीच स्वस्त असते.

फुकट काय मिळतं?

लोह आणि फॉलिकची गोळी आशाताईंकडे किंवा उपकेंद्रात मोफत मिळते. 5 ते 9 वर्षांच्या मुलांना गुलाबी, 10 ते 19 वर्षांना निळी, गरोदर बाईला लाल. लाल गोळीत 500 मायक्रोग्रॅम फॉलिक असतं. बाजारातली 5 मिलिग्रॅमची गोळी त्याच्या दहापट. या गोळ्यांत बी12 नसतं.

पैसे देण्याआधी

- साधं फॉलिक आवश्यक औषधांच्या यादीत असल्याने त्याच्या दराला सरकारी कमाल मर्यादा आहे. यादीबाहेरच्या औषधाची किंमत कंपनी वर्षाला 10 टक्क्यांपर्यंत वाढवू शकते.
- डबीवर 14 आकडी एफएसएसएआय क्रमांक आणि 'औषधी वापरासाठी नाही' असं इंग्रजीत छापलेलं असेल, तर ते अन्नपूरक आहे. औषधाचे दरनियम त्याला लागत नाहीत.
- 'फार्मा सही दाम' ॲपवर दर ताडून बघा. तीच गोळी जनऔषधी केंद्रात किती, ते 'जनऔषधी सुगम' ॲपवर दिसतं.
- पट्टी कापून घेताना नाव आणि मुदतीची तारीख असलेला तुकडा मागा.
- छापील किमतीपेक्षा जास्त मागितले तर बिल घ्या आणि 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा.
- बी6 'जीवनसत्त्वच तर आहे' म्हणून महिनोन् महिने जास्त घेऊ नका. त्यानेही नसा बिघडतात, आणि पुन्हा मुंग्याच येतात.

पुढच्या खेपेला मेडिकलवर 'चांगली द्या' म्हणू नका. जुनी पट्टी किंवा चिठ्ठी पुढे करा आणि विचारा, "यातलं औषध कोणतं, किती मात्रेचं, आणि हेच स्वस्तात कोणतं आहे?"