गृहकर्जाची पुनर्रचना : हप्ता उतरतो, कर्ज नव्हे

वीस लाख रुपयांचे गृहकर्ज, मुदत वीस वर्षे आणि व्याजाचा दर साडेआठ टक्के. अशा कर्जाचा मासिक हप्ता सुमारे १७,३५६ रुपये होतो. कर्जदाराने पाच वर्षे एकही हप्ता चुकविला नाही, तर त्याने १० लाख ४१ हजार रुपये भरलेले असतात. परंतु मुद्दलापैकी फिटलेले असतात जेमतेम २ लाख ३७ हजार. बाकी सर्व रक्कम व्याजात गेलेली असते. घरातील कमावत्या माणसाचे आजारपण किंवा नोकरी जाणे यांसारखे संकट नेमके याच काळात आले, म्हणजे कर्जाच्या पुनर्रचनेचा प्रश्न उभा राहतो.

पुनर्रचना म्हणजे कर्जमाफी नव्हे. मूळ कराराच्या अटी बदलून हप्ता कर्जदाराच्या सध्याच्या मिळकतीत बसविणे, एवढाच तिचा अर्थ. बँक मुदत वाढविते, व्याजाचा दर उतरविते, काही महिने हप्त्यास सवड देते, किंवा साचलेली थकबाकी मुद्दलात मिळवून नवा हप्ता बांधून देते. यांपैकी मुदतवाढ हा मार्ग सर्वांत अधिक वापरात आहे. वरील उदाहरणात पाच वर्षांनंतर उरलेली पंधरा वर्षांची मुदत वीस वर्षांची केली, तर हप्ता १५,२९५ रुपयांवर येतो. दरमहा दोन हजारांची सोय झाली खरी, पण पुढे भरावयाची एकूण रक्कम सुमारे ५ लाख ४७ हजारांनी वाढते. अडचणीतल्या कुटुंबाने हा सौदा करू नये असे नाही. अनेकदा घर राखण्याचा तोच एक मार्ग असतो. मात्र त्याची किंमत आकड्यांत पाहूनच सही करावी.

हप्त्यास मिळालेल्या सवडीचेही तसेच आहे. कोविडच्या साथीत रिझर्व्ह बँकेने १ मार्च ते ३१ ऑगस्ट २०२० या सहा महिन्यांचे हप्ते पुढे ढकलण्याची मुभा दिली. या काळात व्याज थांबले, असा समज पुष्कळ ठिकाणी झाला होता. प्रत्यक्षात व्याजाची आकारणी चालूच होती. वरील कर्जावर सहा महिन्यांचे व्याज ७५ हजारांच्या घरात जाते. सर्वोच्च न्यायालयाने २३ मार्च २०२१ रोजी जी सूट दिली, ती व्याजावरील व्याजापुरती होती. मूळ व्याज कर्जदाराकडेच राहिले.

दर वाढतो तेव्हा

बदलत्या दराच्या कर्जात काही वेळा पुनर्रचना न मागताही मुदत वाढते. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ टक्क्यांवरून ६.५० टक्क्यांवर गेला. सात टक्के दराने घेतलेल्या वीस वर्षांच्या नव्या कर्जाचा हप्ता वीस लाखांस १५,५०६ रुपये होतो. हाच दर साडेनऊ टक्के झाला, की महिन्याचे केवळ व्याजच १५,८३३ रुपये होते. म्हणजे हप्ता व्याजालाही पुरत नाही आणि भरणा करूनही कर्ज वाढत राहते. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने याबाबत नियम घालून दिले. दर बदलताना हप्ता वाढवावा, मुदत वाढवावी, की दोन्ही थोडे थोडे करावे, याची निवड कर्जदारास देण्यात यावी आणि मुदतवाढीमुळे कर्ज फुगू नये, असे त्यांत सांगण्यात आले. घरी आलेले बँकेचे पत्र न उघडता कपाटात ठेवणाऱ्यांनी एवढ्यासाठी तरी ते वाचावे.

वेळेचे महत्त्व

हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला, की खाते अनुत्पादित ठरते. त्यापूर्वी ३० आणि ६० दिवसांच्या टप्प्यांवर बँक धोक्याची नोंद करीत असते. सर्वसाधारण नियमानुसार, आर्थिक अडचणीमुळे चांगल्या खात्याची पुनर्रचना केली तरी बँकेस ते खाते खालच्या वर्गात टाकून तोट्याची तरतूद करावी लागते. बँका या कामी हात आखडता घेतात, याचे हे एक मोठे कारण. २०२० आणि २०२१ मध्ये या नियमास खास अपवाद करण्यात आला व दोन वर्षांपर्यंत मुदतवाढीची सोय झाली. तीही १ मार्च २०२० रोजी ज्यांची थकबाकी ३० दिवसांहून जुनी नव्हती, अशांनाच पहिल्या योजनेत मिळाली.

अमेरिकेत २००९ ते २०१६ या काळात सरकारने याकरिता एक स्वतंत्र योजना राबविली. तिच्यात घराचा मासिक हप्ता कुटुंबाच्या ढोबळ उत्पन्नाच्या ३१ टक्क्यांपर्यंत आणण्याचे सूत्र होते. त्यासाठी प्रथम व्याज दोन टक्क्यांपर्यंत उतरवावयाचे, मग मुदत चाळीस वर्षांपर्यंत न्यावयाची, आणि तरीही भागत नसेल तर मुद्दलाचा काही भाग बिनव्याजी मागे ठेवावयाचा, असा क्रम होता. आपल्याकडे असे एकच सूत्र नाही. प्रत्येक बँक आपल्या धोरणानुसार ठरविते. म्हणून अर्ज लेखी असावा, पोच घ्यावी, उत्पन्न घटल्याचा पुरावा जोडावा आणि दरमहा किती रक्कम निश्चित भरता येईल तो आकडा स्पष्ट लिहावा. 'सहकार्य करावे' एवढ्या मजकुराच्या अर्जावर कोणताही अधिकारी निर्णय देऊ शकत नाही.

जामीनदार राहिलेल्या शिक्षकांनी आणि कर्मचाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. करार कायद्याच्या कलम १२८ नुसार, करारात वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. त्याच्या संमतीवाचून अटी बदलल्यास तो पुढील जबाबदारीतून सुटू शकतो. त्यामुळे पुनर्रचनेच्या कागदावर बँक त्याचीही सही मागते.

खाते अनुत्पादित झाल्यावर २००२ च्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस निघू शकते. हा कायदा सहकारी बँकांनाही लागू असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. शेतजमिनीवरील तारणास मात्र तो लागू नाही. नोटिशीनंतरही दार बंद होत नाही. कर्जदाराने लेखी हरकत घेतल्यास आणि ती बँकेस मान्य नसल्यास, १५ दिवसांत कारणांसह उत्तर देणे बँकेवर बंधनकारक आहे. पुनर्रचनेचा प्रस्तावही याच उत्तरात मांडता येतो. पुढे ताब्याची कारवाई झाली, तर कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे ४५ दिवसांत दाद मागता येते. घराची विक्री झाल्यास कर्ज व खर्च वजा जाता उरलेली रक्कम हक्कदारास परत मिळते. आणि विक्रीची रक्कम कमी पडली, तर घर गेल्यावरही उरलेली बाकी वसूल करण्याचा बँकेचा अधिकार कायम राहतो.